शिट्टी

१९४६ सालचा आषाढ सरत आला होता. पंचमीला सहा दिवस उरले असताना नाथाजीचा नाग शिट्टी घालू लागला.

नाग त्यानं महिन्याच्या सुरुवातीला कडेगावच्या वाटेवर, उसाच्या बांधाला धरला होता. पंचमीला पुजायचा आणि परत त्याच बांधाला सोडायचा, असा नेम. मडक्यातून बारीक, ओली शिट्टी आली तसं त्यानं फडकं सोडून आत पाहिलं. तोंड किंचित उघडं. नाकपुड्यांशी बुडबुडे. मान वर धरलेली, पण फणा नाही.

"छाती भरलीया ह्याची," तो बायकोला म्हणाला. "मडकं वलीत ठिवलं आपुन."

गावाला मात्र नाग फार आवडला. एवढा सभ्य नाग कुणी पाहिला नव्हता. डिवचला तरी रागावत नसे. लालासाहेबांना तर तो फारच पसंत पडला. ते नुकतेच बर्माहून हवालदार होऊन परतले होते. तिकडच्या लढाईची हकिकत रोज सांगत आणि रोज तीत एक जपानी वाढे. पंचमीला हा नाग गळ्यात घालून मिरवायचा, असं त्यांनी चावडीवर जाहीर केलं.

"आवं, त्यो शांत न्हाई, आजारी हाय," ते घरी नाग बघायला आले तेव्हा नाथाजी म्हणाला. "बरा झाला की डसंल."

"आजारी? आरं, तोंड उघडून हसतोय बघ माझ्याकडं!"

"दम लागलाय त्याला."

"मला शिकवतोस व्हय रं? बर्मात अजगर उशाला घिऊन झोपायचो मी."

"काल वाघ म्हनत हुता," नाथाजीची बायको धोंडुबाई दारातून म्हणाली.

लालासाहेबांनी ते ऐकलं नाही. लढाईमुळं त्यांचा एक कान बराच सोयीचा झाला होता.

नाथाजीला रात्रंदिवस घोर लागला. औषधपाणी न करावं, तर देव घरात मरायचा. करावं, तर हवालदार मरायचा. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. मडकं चुलीच्या उबेला सरकवलं, आत कोरडं भुसकट घातलं. चौथ्या दिवशी बुडबुडे गेले. शिट्टी तेवढी राहिली, तीही मधूनमधून.

तो धावत गेला. "लालासाब, उतार पडतोय. गळ्यात घालू नगा."

"मग तर लयच ब्येस! उपकार मानंल माझं."

पंचमीला आठ दिवसांनी ऊन पडलं. नाथाजी मडकं छातीशी धरून, कान लावून पाराकडं निघाला. शिट्टी वाजत होती तोवर हवालदाराला भय नव्हतं. मडकं उन्हानं तापत चाललं होतं.

पारावर लालासाहेबांनी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि नाग गळ्यात घातला. हलगी कडाडली. नाथाजीला काही ऐकू येईना.

"हलगी थांबवा!" तो ओरडला. "आरं, थांबवा!"

थांबली. सगळा गाव गप्प झाला. नाथाजीनं कान दिला.

शिट्टी नव्हती.

नागाचं तोंड घट्ट मिटलं होतं. त्यानं सावकाश मान उचलली, आणि या खेपेला तिच्यामागं फणाही उघडला, लालासाहेबांच्या चांगल्या कानापाशी.

"हलू नगा," नाथाजी पुटपुटला.

"बघा, बघा!" असं म्हणत हवालदार गावाला दर्शन घडवायला वळले.