ओयिमाची शिकवणी

"अगं, मढं पडलंय हितं, मढं! आन् तू हाक मारतीस का कोंबड्यास्नी दाणं टाकतीस?"

म्हातारी ओयिमा चटईवर ताडकन उठून बसली. घटकाभरापूर्वी ती मेली होती. म्हणजे तसं धरून चालायचं होतं. हात छातीवर, डोळे गच्च मिटलेले, नाकावर माशी बसली तरी हलली नव्हती. पण पायाशी उभी राहून सून जी काय हाक मारत होती, ती ऐकून तिला मेल्या जागी चैन पडेना.

"आत्याबाई, तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं मी," अनुली म्हणाली. सकाळची शाळा शिकवून ती नुकतीच घरी आली होती. अजून तोंडात घास गेला नव्हता.

"तसंच म्हनं! आमच्या न्सुक्काच्या डोंगरात आवाज खालनं वर जातो, चढ चढल्यावानी. तू पडलीस नदीकाठची. तुजा आवाज निस्ता सपाट व्हातोय. माजी आई आईकंल आन् म्हनंल, कुनीतरी मासळी इकाया आलंय. न्हाय येत म्हनंल आन् घरात निघून जाईल. मग मी काय करू? माहेराच्या दारात परक्यावानी हुबी राहू?"

उमुइहे गावाची रीतच तशी होती. लग्न होऊन आलेली बाई गेली, की तिला उचलायच्या आधी एखाद्या बाईनं अंगणात उभं राहून तिच्या माहेरच्या बोलीत हाक मारायची. ती ऐकली की तिची आई, आजी, सगळे पितर वेशीपर्यंत न्यायला येतात. बोली परकी निघाली तर कुणी येत नाही. पुढं चर्चचे फादर काय करायचं ते करतात, त्यांना कुणी अडवत नाही. पण आधी हाक. आणि ओयिमाच्या माहेरी तिच्या वयाचं माणूस उरलं नव्हतं, म्हणून सुनेची ही शिकवणी चालली होती.

अंगणापलीकडच्या पडवीत कसाव्याचे कंद किसत बसलेली उरेदिया फसकन हसली.

"पोरी, तू काऊन जिवाले तरास करून घेतं? ते बुढी काई मरत नाई अन् तुही शिकवणी काई सरत नाई. पितरं बी कटाळले असतीन वो, रोज रोज खोटी हाक आयकून!"

"तू गप गं धाकले! तुज्या तोंडातनं एक शब्द भाईर पडस्तवर दिस मावळतोय."

दोघी सवती. ओयिमा थोरली, उत्तरेच्या डोंगरातली. उरेदिया धाकली, दक्षिणेची, म्बाइसेची, जिथं पामची झाडं इतकी दाट की ऊन खाली उतरायला वाट शोधतं. नवरा एनेमुओ उमुइहेचा, त्याची बोली तिसरीच. तो बिचारा म्हणायचा, "माझ्या घरात तीन बोल्या नांदतात, आणि एकीतही मला 'गप्प बसा' म्हणायची सोय नाही." तो गेला, पण भांडण जागेवर राहिलं. ओयिमाचं म्हणणं, खरी इग्बो भाषा डोंगरातच, बाकीच्यांनी नुसता खळखळाट चालवलाय. उरेदियाचं म्हणणं, म्बाइसेसारखी गोड इग्बो कुठंच नाही, डोंगरातली माणसं बोलत नाहीत, लाकडं फोडतात. नाताळाला लागोसची नातवंडं येऊन इंग्रजी झाडायला लागली, की तेवढ्यापुरत्या दोघी एक व्हायच्या आणि त्यांच्या आईबापांना शिव्या द्यायच्या. दोन बोल्यांत, अर्थात.

त्यातून ओयिमाला एक खोड. तिला उरेदियाची नक्कल हुबेहूब यायची. अफोच्या दिवशी भरणाऱ्या बाजारात बायका गळ घालायच्या, "ओयिमाबाई, धाकलीची करा की हो!" की ओयिमा डोक्यावरची टोपली खाली ठेवायची, मान वाकडी करायची आणि, "अवो माऽऽय, सारं तेल सांडलं वोऽऽ!" असा काही सूर लावायची की कोनफळं विकणारे गडीसुद्धा पोट धरून हसायचे. उरेदियाच्या कानावर ते गेलं की चार दिवस अबोला. आणि ओयिमाच्या रश्श्यात मूठभर मीठ जास्त.

त्या दिवशी मात्र उरेदियाचं हसणं ओयिमाला चांगलंच झोंबलं. ती चटईवरून उठली आणि पदर खोचावा तसं लुगडं खोचून म्हणाली, "हासतीस व्हय? माजी सून वाकडी-तिकडी का हुईना, हाक तरी मारंल. तुला कोन हाय गं? ल्योक पोर्ट हारकोर्टला, त्याची पोरं शिंकत्यात सुदीक विंग्रजीत. तू मेलीस की बस म्हायेरचं दार ठोठावत. कुनी कवाड उघडायचं न्हाय."

उरेदियाचा हात किसणीवर थांबला. अनुली पुटपुटली, "आत्याबाई, काय हे!"

"माह्या बहिणीचा पोरगा हाये ना," उरेदिया म्हणाली. "अमादी. बोलावतोच त्याले. त्याच्या घरची एखांदी बाई मारन हाक."

निरोप गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी अमादी मोटरसायकलवर लाल धूळ उडवत आला. काळा चष्मा, हातात मोबाईल, तोंडात मावशीनं पाहुणचाराला फोडून दिलेली कोलाची बी. मावशीचं म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि हसला.

"मावशी, घरात आता हे कोणालाच येत नाही. माझी बायको चर्चमध्ये गाते, पण इंग्रजीत. तुम्ही कशाला काळजी करता? सगळं रेकॉर्ड केलेलं मिळतं. शहरातला गाणारा आहे एक, काय आवाज आहे! एकदम रेडिओची इग्बो. सगळ्यांना समजते."

"सगळ्यांस्नी समजती, मंजी कुनाच्याच आईची न्हाय," पलीकडून ओयिमा म्हणाली. तिला गप्प बसणं कधीच जमलं नव्हतं. "आरं पोरा, तुज्या गावची हाक तुला ठावं न्हाय? लाज हाय का? ही बग, तुमच्यात अशी मारत्यात."

फार वर्षांपूर्वी उरेदियाची आई गेली, तेव्हा नदीला पूर होता आणि माहेरी जाता येईना. म्हणून तिनं याच अंगणात उभं राहून आईला हाक मारली होती. ओयिमानं ती ऐकली होती. आणि दुसऱ्याची खोडी काढायला उपयोगी पडेल असं काही ऐकलं की ती ते जन्मात विसरत नसे. तिनं मान वाकडी केली.

"ए उरेदियाऽऽ! चाल वो माय, घरी चालऽऽ! तुही माय वाट पाहून रायली वोऽ..."

अमादी खो खो हसला. अनुलीनं तोंडावर हात धरला. आता धाकली फणकारणार, कसाव्याचं घमेलं आपटणार, म्हणून सगळे बघत राहिले. उरेदिया काही आपटेना. ती ओयिमाकडं टक लावून बघत होती.

"शेवट आखूड झाला," ती म्हणाली.

"काय?"

"शेवट, शेवट! अजून ओढ त्याले. चिडवाचंच हाये तं धड चिडव ना. माह्या गावाची अब्रू काऊन घेतं?"

"मला नक्कल येत न्हाय म्हनतीस?" ओयिमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आक्ख्या बाजाराला इचार जा!"

"बाजाराले काय समजते? त्याईनं कधी म्बाइसे पायलं हाये का? येते तं पुन्हा म्हन."

ओयिमानं पुन्हा म्हटलं. आणि त्या दिवसापासून घराला नवाच नाद लागला. कोनफळं लावायचे दिवस आले, पावसानं अंगणातली लाल माती चिकट झाली, वेल काठ्यांवर चढले, तरी दोघींचं चालूच. ओयिमा केळीच्या पानात डाळीच्या पिठाचं पिवळं ओक्पा वाफवत बसली असली की उरेदियाला बघून मुद्दाम सूर लावायची, आणि उरेदिया जातायेता खोट काढायची.

"मधात आवाज खाली घे. आमच्याकडे चढ नाई, नदी हाये. नदी कधी वरतं जाते का?"

"घे, घेतला खाली. आता?"

"आता बरं हाये. पन बकरीवानी थरथर करून रायली तू."

"बकरी तुजी आई!"

"अन् हो, मायचं नाव घेतानी थांबत जाय जरा. मायच्या नावावर कोनी घाई करते का?"

ओयिमा चिडायची, पाय आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी थांबायची. हरणं तिला माहीत नव्हतं. धाकलीनं तोंडात बोट घातलं पाहिजे अशी नक्कल करायची, असं तिनं मनाशी घेतलंच होतं. त्या नादात अनुलीची शिकवणी मागं पडली. अनुलीला तेवढीच विश्रांती. एकदा भाजी निवडताना तिनं उरेदियाला विचारलं, "धाकल्या आत्या, त्या एवढं चिडवतात, तुम्हाला राग नाही येत?"

"येते ना माय. लय येते," उरेदिया म्हणाली आणि घाईघाईनं तोंड फिरवलं. अनुलीला ते तोंड रागावल्यासारखं काही वाटलं नाही.

कोनफळं निघाली, कोठारात बांधून झाली, आणि वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला. ओठ फुटायला लागले, दिवसभर धुळीचा पडदा. तसल्या एका दुपारी उरेदिया किसणीपाशी भिंतीला टेकून जरा लवंडली, ती उठलीच नाही. "ऊठ गं, ढोंग कराया मी हाय की," असं ओयिमा दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा ती ओरडली नाही, जाऊन शेजारी बसली.

सकाळी म्बाइसेची माणसं आली. अमादी, त्याची बायको, दोन-तीन तरण्या सुना, आणि काठी टेकत आलेला उरेदियाच्या भावकीतला एक म्हातारा. गाडीतून मोठा कर्णा उतरला. अख्खं उमुइहे अंगणात जमलं होतं. ओयिमा आदल्या दुपारपासून भिंतीशी बसून होती. तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि बोलली तर एक शब्द नव्हती. हे बघून लोक उरेदियापेक्षा तिलाच जास्त घाबरले होते.

"आमच्याकडच्या हाक मारनाऱ्या बाया गेल्या बाप्पा," म्हातारा मान खाली घालून सांगत होता. "आता हे पोरं काय करतीन ते करू द्या."

अमादीनं वायर जोडली. कर्णा खरखरला आणि त्यातून एक साफ, घोटीव आवाज आला. शब्द अन् शब्द कळत होता. गावातल्या बातम्या सांगाव्यात तसा तो कुण्या तरी बाईला घरी बोलावत होता. ओयिमानं तो ऐकला. तिला दिसलं ते एवढंच, की म्बाइसेच्या वेशीवर धाकली उभी आहे, डोक्यावर घमेलं, आणि आतून कुणी येत नाही. कुनी कवाड उघडायचं न्हाय, असं आपणच बोललो होतो.

"बंद कर त्ये," ती म्हणाली. "ती काय बातम्या ऐकाया गेलीय व्हय रं?"

अमादीनं घाबरून वायर उपटली. ओयिमा अनुलीच्या खांद्याला धरून उठली, चटईच्या पायाशी जाऊन उभी राहिली, आणि तिनं मान वाकडी केली. बाजारातल्या बायकांनी ती मान लगेच ओळखली. मागं कुणीतरी सवयीनं खुदकन हसलं. "अगं बया, मढ्यापुढं नक्कल!" कुणी पुटपुटलं.

"ए उरेदियाऽऽ!"

आवाज नदीसारखा खाली उतरला. चाल वो माय, घरी चाल. मधात खाली घे. घेतला. बकरीवानी थरथरू नको. नाही थरथरला. तुही माय वाट पाहून रायली वो. आणि आईच्या नावापाशी आल्यावर ओयिमा थांबली. तिथं थांबली आणि तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. चिडवणं कसलं! थेरडीनं अख्खी पेरणी-काढणी आपली शिकवणी घेतली होती. फुकटात, वर शिव्या खाऊन, आणि आपल्याला पत्ता लागू न देता. हाक मारायला माणूस हवं होतं, तर तिनं ते सवतीच्या तोंडातच तयार करून ठेवलं होतं.

"फसवलंस की गं मला," ओयिमा हळूच म्हणाली. मग तिनं आईचं नाव घेतलं, घाई न करता, आणि शेवट ओढला. असा ओढला की पामच्या झाडांवरची पाखरं उठली.

कुणी हसलं नाही. म्बाइसेचा म्हातारा काठी सोडून मटकन खाली बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. बऱ्याच वेळानं तो डोळे पुसत ओयिमाजवळ आला.

"बाई, आमची मोठी बहीण बोलल्यावानी वाटलं वो. तू आमच्या कोन्त्या गावची?"

ओयिमाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण, डोंगरातली, आणि ह्यांच्या गावची! ती कमरेवर हात ठेवून कडाडली:

"मी काऊन तुमच्या गावची असीन? मी तं न्सुक्काच्या डोंगरातली हावो, बाप्पा!"

अंगणानं ती बोली ओळखली. आधी अनुलीला हसू फुटलं, मग बाजारातल्या बायकांना, मग रडता रडता त्या म्हाताऱ्याला. ओयिमानं आपल्याच तोंडावर हात दाबला. तिनं चटईकडं बघितलं. सगळी हसत होती, आणि जिनं सगळ्यात मोठ्यानं हसायचं ती तेवढी निजून होती.

"हास की गं टवळे," ती आपल्या डोंगरी बोलीत म्हणाली. "आता का गप?" आणि चटईच्या कडेला बसून पोटभर रडली.