डब्यातला सातचा पाढा

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली तेव्हा हातात नऊ दिवस होते. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. त्यानंतर बोलणं कायमचं बंद. दोन हजार नऊ साल होतं ते. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण अंबरनाथला आमच्या चाळीच्या आसपासची सहा मुलं रोज संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येत. त्यांचं आता काय, एवढंच डोक्यात होतं.

माझा मुलगा आकाश म्हणाला, "पप्पा, तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू. हल्ली बिनवायरचे छोटे स्पीकर मिळतात. मेमरी कार्ड टाकायचं, चार्ज करून ठेवायचा. लाइट गेली तरी चालतो."

आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. सिंधी दुकानदाराने एक काळा डबा काउंटरवर ठेवला आणि धडाधड गाणं लावलं. काचेचं कपाट थरथरायला लागलं.

"बेस देखो मास्टरजी, बेस! पूरी बिल्डिंग नाचेगी."

"शेठ, बिल्डिंग को नहीं नचाना. मला पाढे म्हणायचेत."

"पाढे?" त्याने आकाशकडे बघितलं. "डीजे पाढे?"

मीही हसलो. पण वस्तू ज्या कामासाठी घ्यायची तेच काम तिला करायला लावून बघावं, हे मी मुलांना साधी पेन्सिल घेतानाही सांगत आलो होतो. आकाशने तिथेच मोबाइलवर माझा आवाज घेतला आणि कार्डात घातला. मी रस्ता ओलांडून रिक्षांच्या रांगेपाशी जाऊन उभा राहिलो. काळ्या डब्यातून नुसता घुमारा येत होता. दुसऱ्यातून आवाज चिरका. तिसरा, पांढरा, वीतभर लांबीचा. त्यातून रिक्षांच्या गोंगाटातही माझं शेवटचं अक्षर स्वच्छ ऐकू आलं. तरी मी तो तासभर चालू ठेवायला लावला, बॅटरी टिकते का बघायला.

"मास्टरजी," शेठ वैतागला, "स्पीकर ले रहे हो, कि बहू देख रहे हो?"

पांढरा घेतला.

मग मी घराच्या दाराला आतून कडी लावली आणि रेकॉर्डिंगला बसलो. सर समोरच बसलेत असं मुलांना वाटावं म्हणून प्रत्येकाचं नाव घेऊन प्रश्न विचारला. "तेजस्वी, सात त्रिक?" असं म्हणायचं, उत्तरापुरतं थांबायचं, मग "शाब्बास, तेजस्वी." पायलची पाळी आली तेव्हा मी जास्त थांबलो. पायल तिसरीत होती. बोलताना अडखळायची. उत्तर तिला येत असायचं, पण पहिलं अक्षर ओठांवर अडून राहायचं. मी वाट बघायचो. बाकीची मुलंही गप्प बसायची, तशी सवयच मी त्यांना लावली होती. रिकाम्या खोलीत मी मनातल्या मनात दहा आकडे मोजले. फार झाले असं वाटलं.

ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी मुलं पुन्हा आली. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर मी पांढरा रुमाल बांधला होता. सगळी जरा लांबच बसली. मी स्पीकर मध्ये ठेवला, बटण दाबलं, आणि माझा आवाज खोलीत आला. मुलांनी एकदम माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे. तेजस्वी खुदकन हसली. आपापलं नाव आलं की मुलं ताठ बसून उत्तरं द्यायला लागली. मला बरं वाटलं.

"पायल, सात चोक?"

"अ..." पायलने सुरुवात केली. "अ... अ..." तिने मुठी आवळल्या. मी तिच्याकडे बघत होतो, नेहमीसारखा. डब्याचा मला विसरच पडला होता.

"शाब्बास, पायल!" डबा म्हणाला.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग मुलं हसली. लहान मुलं ती, त्यांना मजा वाटली. मी बटण दाबायला धावलो, तोवर डबा पुढच्या मुलाकडे गेला होता. पायल उठली, चपला हातात घेतल्या आणि तशीच गेली. थांब म्हणायला मी तोंड उघडलं. हवा गळ्याच्या भोकातून नुसती फुसकन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पाटी घेऊन शिवमंदिराच्या रस्त्याला तिच्या घरी गेलो. तिची आजी, जनाबाई, दारात भाजी निवडत होती.

"जय भीम सर. या, बसा." मग आवाज खाली करून म्हणाली, "पोरगी म्हणते, सर चिडवतात. म्या म्हणलं, येडे, सरांना बोलता तरी येतं का?"

पायल दाराआड उभी होती. मी पाटीवर लिहिलं: मी चिडवलं नाही.

तिने वाचलं. "मग शाब्बास का ब... बोललात?"

मी पाटी पुसून लिहिलं: तोवर तू उत्तर देशील असं मला वाटलं.

तिने बोट फिरवत पुन्हा वाचलं. "दिलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही थ... थांबला नाहीत."

मी मान डोलावली. चाळीस वर्षं शाळेत मी पोरांच्या उत्तराची वाट बघत आलो, आणि हिला मोजून दहा आकडे दिले होते. पुन्हा रेकॉर्ड करायला आता आवाजच उरला नव्हता. मी लिहिलं: उद्या ये. डबा नसेल.

पायल दाराबाहेर आली. माझ्या रुमालाकडे तिने बराच वेळ बघितलं.

"मग शिकवणार क... कोण?"

खडू माझ्या हातात होता. ती वाट बघत उभी राहिली.