डाव्या सीटवर काहीच नाही

नवी गाडी आवारात आली तेव्हा भाऊजींनी तिचं बॉनेट स्वतःच्या रुमालानं पुसलं. वहिनींनी मात्र दार उघडून आत डोकावलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे ड्रायव्हिंग स्कूल वहिनींच्या नवऱ्यानं काढलेलं. तो गेल्यावर कागदोपत्री सगळं धाकट्या दिराच्या, म्हणजे भाऊजींच्या, नावावर झालं आणि वहिनी होत्या तिथंच राहिल्या, शिकणाऱ्याच्या डावीकडच्या सीटवर. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. शिकायला येणारे, मेकॅनिक, समोरचा पंक्चरवाला, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीनं कुणाची सायकलसुद्धा पाडली नव्हती. याचं कौतुक कुणी केलं की त्या दोनच गोष्टी सांगत. एक, शिकवणाऱ्याच्या पायाखाली मुद्दाम बसवून घेतलेला दुसरा ब्रेक. दुसरी, दोन सीटच्या मधोमध उभा असलेला हँडब्रेक, न बघता हात टाकला तरी सापडणारा.

नव्या गाडीत दोन्ही नव्हतं. हँडब्रेकच्या जागी पेले ठेवायला दोन भोकं होती आणि फोन ठेवायला एक पसरट खळगा.

"हँडब्रेक कुठाय?" वहिनींनी विचारलं.

भाऊजी या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी स्टिअरिंगच्या खाली, पार उजवीकडे, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ बोट दाखवलं. तिथं शर्टाच्या बटणाएवढं एक बटण होतं. "नखानं असं वर ओढायचं. लिव्हरबिव्हर आता कोण वापरतं, वहिनी?"

गिअरची काडीही स्टिअरिंगच्या मागे, उजवीकडेच. गाडी बंद करायचं बटण चाकाच्या आडोशाला. आरसे हलवायचे तर स्क्रीनमध्ये शिरायचं, काचेवरची वाफ घालवायची तरी स्क्रीनमध्येच, आणि तिथं एका चित्रातून दुसऱ्या चित्रात हिंडेपर्यंत समोरचा माणूस चाकाखाली यायचा. ज्या कुणी हे आखलं, त्यानं आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. शेजारी बसलेलं माणूस म्हणजे त्याच्या लेखी चहाचा पेला धरायला आणलेली बाई. वहिनींना तो माणूस समोर हवा होता. त्याला डावीकडे बसवून भर बाजारात एका नवखीच्या हाती गाडी दिली असती.

त्याहून राग भाऊजींचा आला, कारण ते समोर होते.

"आणि माझं पेडल?"

"ते बसवायचं तर पत्र्याला भोक पाडावं लागतं. वॉरंटी जाते."

"चार वाजता टेलर बाई येणार आहेत."

"येऊ देत ना. नव्या गाडीत पहिला मान त्यांचा."

टेलर बाईंचा आज नववा दिवस होता. बाई हुशार, रस्त्याचे नियम तोंडपाठ. पण तीस वर्षं मोटरच्या मशीनवर शिवलेलं. कापड अडकलं की पाय दाबून पुढं रेटायचं ही त्यांच्या पायाची सवय, आणि पाय काही डोक्याचं ऐकत नाही. घाबरल्या की एक्सलेटरवरचा पाय उचलायच्या ऐवजी त्या दाबून धरत. गेल्या आठवड्यात दुधाच्या टेम्पोसमोर वहिनींनी पायानं ब्रेक आणि हातानं हँडब्रेक असं दोन्ही एकदम लावलं होतं, तेव्हा कुठं एक वीतभर अंतर उरलं. ती जुनी गाडी कालच नवीच्या बदल्यात शोरूमला गेली होती.

हे सगळं वहिनींनी भाऊजींना सांगितलं. शांतपणे सांगितलं, म्हणजे त्यांच्या परीनं.

"तुम्ही शेजारी बसा आणि तोंडानं सांगा," भाऊजी म्हणाले. "इतकी वर्षं तोंड तर चालतंच आहे तुमचं. आणि भीती वाटत असेल तर तसं म्हणा. वय झालं की वाटतेच."

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. पण देवाच्यासुद्धा हाताला काहीतरी लागायला हवं की नाही?

पावणेचारला टेलर बाई आल्या आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या. वहिनी चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसल्या आणि त्यांनी डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा, भाऊजी. पट्टा लावा."

"कशाला?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी टेलर बाई, तुम्ही वहिनी. मी घाबरले की थांबवा."

भाऊजी हसत बसले. आवाराच्या दुसऱ्या टोकाला भिंत होती. भिंतीला टेकून जुन्या टायरांची रास होती आणि तिच्या दहा पावलं अलीकडे रिव्हर्सच्या सरावासाठी मारलेला पांढरा पट्टा. पट्ट्यापाशी ब्रेक मारायचा, असं वहिनींनी मनाशी ठरवलं होतं. खरोखर ठरवलं होतं.

त्यांनी एक्सलेटर दाबला. फार नाही, माणूस पळेल एवढाच वेग.

"बरं, कळलं," भाऊजी म्हणाले. "थांबवा आता."

"मी घाबरलेय."

"वहिनी, ब्रेक."

"ओरडू नका, मी आणखी घाबरते."

भाऊजींचा उजवा हात खाली गेला. त्यांनाही थोरल्या भावानंच शिकवलेलं, त्यामुळे हात बरोबर जिथं जायचा तिथंच गेला आणि त्यांची बोटं पेल्याच्या भोकात अडकली. ती सोडवून त्यांनी पाय आपटला, तर खाली नुसतं पायपुसणं. मग ते वहिनींच्या अंगावरून आडवे झाले आणि गुडघ्याजवळ चाचपायला लागले. आधी दिवे लागले. मग डिकी उघडली. गाडी टूं टूं करून कोकलत होती आणि स्क्रीनवर कसलीशी सूचना आली होती, ती वाचायला कुणाला सवड नव्हती.

पांढरा पट्टा गेला. वहिनींना तो दिसला होता. त्यांचा पाय ब्रेकवर पोचायला कितीसा वेळ लागणार होता? पण "वय झालं की वाटतेच" हे वाक्य त्यांच्या कानात अजून गरम होतं, आणि त्यांनी पाय हलवला नाही.

टायरांनी धक्का बराचसा खाल्ला. तरी पुढचा एक दिवा फुटला आणि रुमालानं पुसलेल्या बॉनेटवर परातीएवढा पोचा आला. भाऊजींच्या कपाळाला स्टिअरिंगची कड लागली होती. ते ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"तुम्ही थांबवू शकत होतात," ते म्हणाले.

"मी थांबवू शकत होते. बाईंना नसतं जमलं."

"मुद्दाम केलंत. दादाचं नाव म्हणून आजवर गप्प बसलो. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

वहिनींनी गाडी बंद केली. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण वाटलं नाही. वाईट वाटायला पुढं घरी भरपूर वेळ होता, इतक्या वर्षांची सवय मोडायची होती. त्यांनी ऑफिसातून आपली पर्स, डबा आणि खुंटीवरची छत्री घेतली. नवऱ्याचा फोटो भिंतीवर होता, तो तिथंच राहू दिला. स्कूल त्याचंच होतं.

बाहेर भाऊजी कपाळावर रुमाल दाबून टेलर बाईंसमोर उभे होते आणि मालकाच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत होते. "किरकोळ आहे, बाई. दोन दिवसांत दुरुस्त होईल. परवा चारला या. काही काळजी करू नका, तुमच्या शेजारी मी स्वतः बसेन."

टेलर बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग त्यांच्या कपाळाकडे.

"आत्ता तुम्हीच बसला होतात ना?" त्या म्हणाल्या.

भाऊजींनी खिशातून फोन काढला आणि फिटरला विचारलं, पेडल बसवायला कधी येतोस. वहिनींनी ते फाटकाशी ऐकलं आणि छत्री काखेत मारून त्या पायी घरी निघाल्या.