साराच्या बाजूची मूठ

मित्रांनो, याकोब आणि सारा यांच्या लेकीचे, कृपाचे, लग्न राहात्याला झाले ते साल १९४३. त्या लग्नाच्या सरपणासाठी दारची बाभूळ तोडली. फांद्या चुलाणात गेल्या. बुंधा मात्र कुऱ्हाडीला दाद देईना. याकोबने त्याला खाली लोखंडी पट्टा ठोकला, दोन अंगांना दोन मुठी बसवल्या, आणि मी झालो. मी एक जुना धुमस आहे. जमीन ठोकून घट्ट करणे हे माझे काम.

याकोब फरशा बसवायची कामे घेई. लेक सासरी गेल्यावर घरात दोघेच उरले. म्हणून एक मूठ याकोबची, दुसरी साराची. दोघे समोरासमोर उभे राहत, मला गुडघ्याच्या वर उचलत आणि सोडून देत. फरशी दिसते दगडाची, पण टिकते खालच्या थरावर. आधी काळी माती उपसायची, मुरूम भरायचा, पाणी मारून तो ठोकायचा. मग वर तीन बोटे वाळू. वाळू ओलसर हवी. मुठीत दाबली की तिचा लाडू वळला पाहिजे. दोन बांबूंवरून फळी ओढून ती सारखी करायची आणि पुन्हा मला उचलायचे. खाली पोकळ असले की माझा आवाज भद्द येतो, थर बसला की टणक येतो. हा फरक याकोबच्या आधी साराला कळे. "आजून न्हाई बसली," ती म्हणे, आणि याकोब निमूट मूठ धरी.

येणारे-जाणारे हसत. "याकोबा, फरशी करतोस का बायकोसंगं फुगडी खेळतोस?"

सारा म्हणे, "तुमी धरा की माझी मूठ. दहा ठोक्यांत खाली बसाल."

१९४६ साली आप्पासाहेब नावाच्या बागाईतदारांनी आईच्या स्मरणार्थ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात हौदाभोवती फरशी करायला घेतली. काम आम्हाला मिळाले. बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटच्या पट्ट्यातली वाळू बसवून झाली होती, फक्त दगड मांडायचे होते. तेवढ्यात आप्पासाहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि बुटांसकट वाळूवरून थेट हौदापर्यंत चालत गेले. सारा बोलायला पुढे झाली. याकोबने तिचा हात धरला.

ते गेले तेव्हा वाळूत खोल पावले उमटलेली होती.

"उकरून पुन्हा ठोकू," सारा म्हणाली.

"दिस कलला. मूठ मूठ वाळू टाक आन् फळी फिरव."

"वरून सारखं दिसंल. आत पोकळ ऱ्हाईल."

"उद्या बाजार हाय, सारा."

मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर हौदाला टेकून उभा होतो. तासाभराचे काम होते. मला कुणी उचलले नाही.

बाजारात सगळ्यांनी फरशीची वाहवा केली. दोन महिन्यांनी पावलांच्या जागचे दगड खचले. हौदाच्या कडेचा एक तर इतका खाली गेला की सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याच्या बैलाचा पाय त्यात अडकला. बैल पडला आणि कायमचा लंगडा झाला. माणसे जमली. याकोब आणि सारालाही बोलावणे आले. मी याकोबच्या खांद्यावर होतो.

"बाईच्या हाताचं काम," कुणीतरी म्हणाले. "एका अंगाला जोर कमी पडला, दुसरं काय."

साराने याकोबकडे पाहिले. मित्रांनो, एका वाक्याचे काम होते. याकोब दगडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "व्हय, पडला आसंल कमी."

त्यानंतर साराने माझी मूठ कधी धरली नाही. ती भांडली नाही. त्याची भाकरी वेळेवर थापत राहिली. याकोबने मला एकट्याने उचलून पाहिले, पण मी तिरका पडे. शेवटी मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. पट्ट्याला गंज चढला, मुठींना वाळवी लागली. एकदा शेण काढता काढता सारा माझ्यापाशी थांबली. तिने कोळिष्टके पुसली, आपल्या बाजूच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

१९४९ च्या जानेवारीत याकोबने मला भर बाजाराच्या दिवशी घोडेगावला नेले. हौदाकडेचा तो दगड त्याने उचलला, खालची वाळू उपसली, मुरूम भरला.

"सूर्यभाना, ही मूठ जरा धर."

सूर्यभानने धरली. मुरूम ठोकला, वाळू भरली, तीही ठोकली. माझा आवाज टणक व्हायला पुष्कळ वेळ लागला. झाल्यावरही याकोब थांबेना. प्रत्येक ठोक्यानंतर तो मान वर करून समोर बघे. समोर सूर्यभान असे.

दगड बसला. याकोब सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "सारा म्हनली हुती, पुन्हा ठोकू. मीच न्हाई म्हनलो. तिचा हात कमी पडला न्हवता."

सूर्यभान म्हणाला, "आता बोलून काय, याकोबा."

मित्रांनो, माझा गंज विटेने घासला की निघतो. माझी मूठ मोडली तर दुसरी बसवता येते. माणसाचे तसे नाही. ज्याच्या हाताने आपले काम सरळ होते, त्याच्याविषयी खरे ते वेळेवर बोला आणि त्याला ऐकू जाईल असे बोला.

सारा १६ डिसेंबर १९४८ रोजी, नाताळाच्या नऊ दिवस आधी वारली.