झाडांच्या खोलीतलं जेवण

मी एका जागी स्वस्थ बसणारी बाई नाही, हे शॉमबर्गमधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. त्यात ती गांजाची रोपं! हो, गांजाचीच. लगेच तोंडावर हात ठेवू नका. माझ्या नवऱ्याला, मनोहरला, केमो चालू आहे. त्याला औषध म्हणून गांजा घ्यायचं मेडिकल कार्ड मिळालंय, आणि इलिनॉयमध्ये ते असलं की घरात पाच झाडं लावता येतात. फक्त खोलीला कुलूप हवं.

गांजाच्या विकतच्या गोळ्या त्याने घेऊन पाहिल्या. भूक लागायच्या ऐवजी गरगरायला लागलं. मग म्हणाला, आपणच लावू. म्हटलं, "तू? जन्मभर कोड लिहिलास, साधा कढीपत्ता जगवला नाहीस कधी!" तर म्हणतो, "निदान काहीतरी माझ्या हातून वाढू दे की, शुभा." झालं, लागले मी तयारीला.

आमची अनिका शिकागोला राहायला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. तिथे दिवे लावले. कार्पेट भिजू नये म्हणून मी सेलमधून छान चिनी मातीच्या, खाली भोक नसलेल्या कुंड्या आणल्या. रोपं उगवली, वीतभर झाली आणि तिथेच अडून बसली. पानं पिवळी, माना खाली. वर चिलटं.

मनोहर दुपारचं जेवण तिथेच घ्यायला लागला. "झाडांपाशी बसलो की दोन घास जास्त जातात," म्हणाला. मला काय, जाईना का कुठेही बसून! मी पेज, वरण, ताक, रव्याची खीर असं पातळ पातळ करून द्यायची आणि बाहेर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायची. "झालं का? संपवलंस का सगळं?" वाटी चाटूनपुसून परत यायची. तरी वजन उतरतच होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उतरलं तर केमो थांबवावी लागेल.

आणि हा माणूस त्या मरतुकड्या रोपांकडे बघून म्हणतो, "माझंच लक्षण दिसतंय हे." झाडं गेली तर हा हातपाय गाळेल, याचीच मला धास्ती. मग मी झाडांच्याच मागे लागले. खताची बाटली आणली. एक झाकण घातलं, मग दोन. रोपं आणखीच माना टाकायला लागली.

अनिकाला व्हिडिओवर दाखवलं. तिच्या बाल्कनीत टोमॅटो असतात, तिला कळतं त्यातलं. ती किंचाळलीच. "आई, स्टॉप फीडिंग देम! कुंडीला होल्स नाहीत? मुळं बुडतायत. माती चेंज कर, परलाइट घाल." परलाइट म्हणजे थर्माकोलच्या चुऱ्यासारखे पांढरे, हलके खडे. ते मातीत मिसळले की पाणी वाहून जातं आणि मुळांना हवा मिळते.

शनिवारी अनिका येऊन मनोहरला रक्त तपासायला घेऊन गेली. मी पेपर पसरले, भोकवाल्या कुंड्या मांडल्या आणि पहिली कुंडी कलती केली. शी! आंबून गेलेल्या इडलीच्या पिठासारखा वास. आत नुसता चिखल. बोटाने उकरलं तर भाताची शितं. फोडणीतली मोहरी. दुसऱ्या कुंडीत रव्याचा गोळा आणि त्यात टम्म फुगलेला बेदाणा.

पाचही कुंड्यांत तेच. माझी पेज, माझं वरण, माझी खीर. मी तशीच मातीत बसून राहिले. म्हणजे इतके दिवस त्याच्या पोटात काहीच जात नव्हतं.

दोघं परत आली तेव्हा मी बेदाणा त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

तो खुर्चीत टेकला. "उतरत नाही गं घशाखाली. वाटीत उरलं की तुझा चेहरा पडतो. मला तो बघवत नाही."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तिकडे डॉक्टर डोकं खाजवतायत आणि तू कुंड्यांना जेवू घालतोयस? बेदाणेसुद्धा?"

"बेदाणे आधी खायचो मी. तो एक राहिला असेल," म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांनी हसला मेला! मी आणखी ओरडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले.

अनिका गाडीची किल्ली हातात धरून उभी होती. "बाबा, आधी डॉक्टरांना ट्रुथ सांगा. नाऊ." तिने तिथल्या तिथे फोन लावला. मळमळीचं औषध बदलून मिळालं. मग आम्ही तिघं मातीत बसलो. कुजलेली मुळं कापली, नव्या कोरड्या मातीत परलाइट मिसळलं. दोन रोपं गेलीच होती. तीन लावली. नवी पानं येईपर्यंत खत बंद, आणि मातीत बोट घालून कोरडं निघालं तरच पाणी, असं अनिकाने बजावलं.

मला मात्र कोणी काही बजावलं नाही. माझं मलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमटीच्या छोट्या वाटीत पेज घातली, झाडांच्या खोलीत त्याच्यापाशी ठेवली आणि घराबाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले. मेलबॉक्स उघडला, रविवार होता, रिकामा. तरी पुन्हा उघडला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही हो, नवरा जेवतोय. त्या बघतच राहिल्या. ओरडून विचारावंसं वाटत होतं, झालं का? जीभ चावून धरली.

शेवटी राहवेना, आत गेले. तो खुर्चीतच झोपला होता. शेजारी वाटी, अर्धी भरलेली, उघडीच. झाकली नव्हती की लपवली नव्हती.

मी पाय न वाजवता कुंड्यांपाशी गेले. तिन्हींत बोट खोल घातलं.

कोरडं निघालं.