वरच्या नळाचा नमुना

माझी बायको मंगला गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. दुसऱ्या पाळीच्या बसमधून उतरलो तर गेटवरचा धर्मेश माझीच वाट बघत उभा होता. "पंढरीभाऊ, आत जाऊ नका. दवाखान्यातून फोन होता," एवढंच तो म्हणाला आणि त्याने माझ्या हातातला डबा काढून घेतला. सकाळीच तिला पालघरला दाखल केलं होतं. माझी बहीण तिच्यापाशी होती. उलट्या थांबल्यात, तुम्ही जा, खाडा करू नका, असं मंगलाच म्हणाली होती. दीड दिवसाच्या जुलाब-उलट्यांनी माणूस जातं हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "पाण्यातून झालं."

मी म्हणालो, "आमचं पाणी चांगलं आहे, साहेब. दर महिन्याला तपासतात."

मी खोटं बोललो नव्हतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरला कामाला लागून बावीस वर्षं झाली. घर ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीला लागून, त्यामुळे टाकीवरून येणारा पहिला नळ आमचा. आरोग्यसेवक भाग्येश दर महिन्याला तपासणीची बाटली घेऊन यायचा आणि ती आमच्याच नळावर भरायचा. नमुना शेवटच्या नळाचाही घ्यायचा असतो. पण शेवटचा नळ खालच्या चाळीत, तिथली वाट चिखलाची, आणि इथे मंगला चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. ती नळ चिंचेने घासून लख्ख ठेवायची. कागदावर घरवाला म्हणून मी सही करायचो. रिपोर्ट यायचा, पिण्यास योग्य. चांगल्या पाण्याचं हिरवं कार्ड ग्रामपंचायतीला मिळालं, तेव्हा ते आमच्या नळामुळे मिळालं असं मी चारचौघांत सांगायचो.

मंगला खालच्या चाळीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. दोन महिने ती सांगत होती, "अहो, खाली पोरांना सारखे जुलाब होतायत. नळाला वास येतो. एकदा येऊन बघा तरी."

"त्यांची भांडी बघ आधी. रिपोर्ट आहे ना आपल्याकडे?"

"रिपोर्ट आपल्या नळाचा आहे."

"टाकी तर एकच आहे ना?"

मी गेलो नाही.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी भाग्येश आला. बरोबर झिपरू होता, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. दोघं ओट्यावर बसले. भाग्येशच्या पायाशी बर्फाचा डबा होता, त्यावरून नमुन्यासाठी आलेत हे मला कळलं.

"काका, आज तारीख आहे," तो खाली बघत म्हणाला. "दोन मिनिटांत भरतो. चहाबिहा काही नको."

"माझ्या नळाचं पाणी घ्यायचं नाही. खाली चला."

झिपरू ताडकन उठला. "दादा, तिकडं नको. लाल कार्ड आलं तर सरपंच मला टाकीवरनं ढकलंल. तुमाला काय, तुमी कंपनीत."

"टाकीत औषध टाकतोस ना रोज?"

"टाकतो म्हंजे? वैनी सोडायची काय मला? आज टाकलास का रं, का नुसता चहाला आलास, असं विचारायची." तो हसला आणि लगेच त्याने तोंड फिरवलं.

भाग्येश म्हणाला, "काका, मला विचारतील, इतकी वर्षं नमुना कुठून घेत होतास?"

"विचारतील. सही माझी आहे. मलाही विचारू दे."

भाग्येशने डबा उचलला.

खाली भागी नळावर कळशी भरत होती. ही जव्हारकडची, नवरा ठेकेदाराकडे कामाला. तिचा मुलगा मंगलाच्या अंगणवाडीत. आम्हाला बघून ती ओरडली, "आज इकडं कसं साहेब? वाट चुकलं काय? चहा वर मिळतो, इथं नाय!"

बायका हसल्या. मग तिने मला पाहिलं. कळशी तशीच सोडून ती घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. भाग्येशने तांब्याकडे बघितलं, पण घेतला नाही.

"मंगलाबाय या पाण्याला कधी नाय बोलली नाय," भागी म्हणाली. "पिशवीत तिची घरची बाटली असायची. आमी बोलायचो, बाय, तुमी तुमचं पाणी प्या. तर बोलायची, पोरांना हे पाजायचं आणि मी माझं वेगळं प्यायचं, बरं दिसत नाय."

ती बाटली रोज सकाळी मी भरून द्यायचो. संध्याकाळी ती भरलेलीच परत यायची. दिवसभर पाणी पीत नाहीस म्हणून मी तिच्यावर रागवायचो.

मी तांब्यासाठी हात पुढे केला. भागीने तो मागे ओढला. "तुमी नको," ती म्हणाली आणि तिने पाणी गटारात ओतून टाकलं.

भाग्येशने स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड शेकलं, थोडं पाणी वाहू दिलं आणि बाटली भरली. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, शेवटचा नळ, खालची चाळ. सही भागीने केली, एकेक अक्षर सावकाश लावत. तिच्या शेजारी मी केली.

रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. पाण्यात मैल्यातले जंतू निघाले. झिपरूने आपणहून कुदळ घेतली आणि चाळीकडे जाणारी लाइन उकरली. पाइप गटारातूनच जातो. सांध्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, तेही कुजलेलं. नळाचं पाणी बंद असलं की त्या फटीतून गटाराचं पाणी आत जातं. टाकी एकच आहे हे माझं म्हणणं खरं होतं. मधला पाइप मी बघितला नव्हता.

ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालं. झिपरूचं काम टिकलं. भाग्येशला नोटीस आली. चौकशीला मी त्याच्याबरोबर गेलो आणि सही माझी आहे, शेवटच्या नळाचा नमुना घेतला जात नव्हता हे मला ठाऊक होतं, असं लिहून दिलं. खाली दिवसाआड टँकर येतो. तो आला नाही की चाळीतल्या बायका आमच्या नळावर येतात. पाइप बदलायचा ठराव ग्रामसभेत झाला, त्याला चार महिने झाले. पाइप अजून गटारातच आहे.