कोपऱ्यातल्या गाळ्याचा दिवा

“वरचा मजला पूर्ण भरलेला. एकही गाळा रिकामा नाही,” सल्लागारांनी अहवालाचं पान उलटलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

वहिनींचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. वहिनी त्यांना सगळी इमारतच म्हणायची. तळमजल्यावरचा चष्मेवाला, वरची दातांची डॉक्टरीण, जिना झाडणाऱ्या मावशीसुद्धा. नात्याने मात्र त्या समोर बसलेल्या दोघांच्याच वहिनी होत्या, एक मोठी नणंद आणि एक धाकटा दीर. इमारत तिघांच्या नावावर. नवरा गेल्यापासून ती चालवायला एकट्या वहिनी, आणि वाटा घ्यायला व काळजी करायला बाकीचे दोघे.

गेल्या वर्षी दिराने विषय काढला होता. बाजार पडलाय, लोक घरबसल्या खरेदी करतात, गाळ्यांना कुत्रं विचारत नाही, येईल त्या किमतीला विकून मोकळे होऊ. वहिनी हटून बसल्या. शेवटी नणंदेने, म्हणजे ताईंनी, तोडगा काढला. वर्षभरात सगळे गाळे भाड्याने गेले तर इमारत ठेवायची, एक जरी रिकामा राहिला तर विकायची. मागून भांडण नको म्हणून निवाड्याला बाहेरचा तज्ज्ञ नेमला, तेच हे सल्लागार.

त्या वर्षात वहिनींनी जिवाचं रान केलं. कपडेवाले नि बूटवाले यांच्या मागे त्या लागल्याच नाहीत. “माल घरपोच येतो, भाऊजी,” त्या दिराला म्हणाल्या होत्या, “पण दात कोणी घरपोच काढून देत नाही.” मग दातांची डॉक्टरीण आली, तिच्यापाठोपाठ गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारी बाई आली, गाण्याचा क्लास आला, घड्याळं दुरुस्त करणारा आला. नाही नाही म्हणता इमारत भरली. मुदत संपायला पंधरवडा उरला होता आणि राहिला होता तो एकच, वरच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला गाळा. आणि सल्लागार तर म्हणत होते, एकही रिकामा नाही!

“बाजार वाईट आहे हे खोटं नाही,” सल्लागार पुढे सांगत होते. “गावाबाहेरच्या काचेच्या मनोऱ्यांत मजलेच्या मजले ओस पडलेत. दुकानांत पैसा घाला असं मी आज कोणालाच सांगणार नाही. पण ही इमारत वेगळी आहे. इथे माणसाला स्वतःच्या पायांनी यावंच लागतं. आणि ते कोपऱ्यातले गृहस्थ! मी जेव्हा जेव्हा संध्याकाळी आलो, तेव्हा त्यांचा दिवा चालू. काचेतून बघावं तर खुर्चीच्या पाठीवर कोट. खाली चहाबिहा घ्यायला गेले असतील. असा भाडेकरू म्हणजे इमारतीचं भाग्य. माझा सल्ला विचाराल तर विकू नका.”

दिराने मुकाट्याने आपल्या पिशवीची चेन लावली. तो हरला होता.

वहिनींनी फक्त गप्प बसायचं होतं. तो दिवा त्यांचाच होता. टेबल, खुर्ची आणि कोट त्यांनीच तसे ठेवले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे नवऱ्याचं धंद्यातलं तत्त्व. रिकामा गाळा रिकामा दिसता कामा नये, आणि ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी तर मेलो तरी लावायची नाही. पाटी लागली की भाव पडला. म्हणून रोज संध्याकाळी वहिनी वर जाऊन दिवा लावायच्या. आता त्या झाकल्या मुठीने तज्ज्ञालाच चकवलं होतं. दैवाने आयतं पदरात टाकलं होतं, आणि वहिनींनी कप तसाच खाली ठेवला. नव्या भाडेकरूला किल्ली देण्याआधी भिंतीतली ओल दाखवणारी बाई ती. तिने घरच्यांनाच फसवायचं?

“कोपऱ्यात कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “तो दिवा मी लावते.”

दीर उसळला. “म्हणजे वहिनी, वर्षभर तुम्ही नाटक करत होतात?”

“नाटक नाही हो, भाऊजी. यांची रीत होती ती. पण कबूल केलं ते केलं. एक गाळा रिकामा आहे. विकायची तर विका.” बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, त्याचाच त्यांना राग आला.

“मला तो गाळा बघायचाय,” सल्लागार उठले. चेहरा पडला होता बिचाऱ्यांचा. दार न उघडता अहवाल लिहिणं म्हणजे नाडी न बघता औषध देण्यासारखंच.

सगळे वर गेले. वहिनींनी कुलूप काढलं. दोन्ही बाजूंना खिडक्या, खाली झाडांची रांग, टेबलावर ऊन आलेलं. सल्लागारांनी खिडकी ढकलून पाहिली, ती उघडली. एवढ्याशा गोष्टीचं त्या माणसाला कोण कौतुक!

“माझं ऑफिस आहे त्या मनोऱ्यात खिडक्या उघडतच नाहीत,” ते म्हणाले. “लिफ्ट निम्मा वेळ बंद, मजले ओस तरी भाडं दर वर्षी वर. सहा महिने जागा शोधतोय मी. खालून हा दिवा दिसला की मला त्या कोटवाल्याचा हेवा वाटायचा. म्हणायचो, काय जागा पटकावलीय पठ्ठ्याने! रिकामी आहे हे कळलं असतं तर केव्हाच विचारलं असतं की हो!”

करायला गेल्या एक नि झालं भलतंच. गिऱ्हाईक यावं म्हणून लावलेला दिवा गिऱ्हाइकालाच दारातून परत पाठवत होता.

ताईंनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. “इतके दलाल आले. त्यांना हा गाळा कधी दाखवलास तू?”

वहिनींनी तो कोणालाच दाखवला नव्हता. आधी बाकीचे जाऊ देत, म्हणत राहिल्या होत्या.

“इथेच बसून इमारत चालवायचा ना तो,” ताई हळूच म्हणाल्या. “तुला द्यायचाच नव्हता हा.”

मग मात्र वहिनी रडल्या. सगळ्यांदेखत, तज्ज्ञासमोर, खुशाल रडल्या. दीर खुर्चीपाशी गेला, कोटाची बाही हातात घेतली. “दादाचा आहे?” त्याने विचारलं, आणि त्याचाही आवाज धड राहिला नाही.

सल्लागारांनी अहवाल मधोमध फाडला. “हा रद्द. याची फीसुद्धा नको. आता मी तुमचा सल्लागार नाही, गिऱ्हाईक आहे. दुसरा कोणी नेमा, आणि त्याला दारं उघडून बघायला सांगा. बरं, बाजार पडलाय म्हणता, तर भाडं जरा...”

“बाजार तुम्ही म्हणालात पडलाय, मी नाही,” वहिनींनी पदराने डोळे पुसले. “असा भाडेकरू म्हणजे इमारतीचं भाग्य, असंही तुम्हीच म्हणालात. मग भाग्यवंताने घासाघीस करू नये. आणि ही बघा, या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. नंतर म्हणाल, सांगितलं नाही.”

दीर खो खो हसत सुटला. “घ्या हो घ्या,” तो सल्लागारांना म्हणाला. “आमचं काही चालत नाही, तुमचं काय चालणार!”

वर्ष सरायच्या आत करार झाला. नव्या तज्ज्ञाने एकूण एक दार उघडून पाहिलं आणि विक्रीचा विषय घरातून कायमचा गेला. भाडं वहिनींनी मागितलं तेच ठरलं.

सल्लागारांनी बस्तान बसवलं त्या संध्याकाळी सवयीने वहिनींचे पाय जिना चढून वर गेले. कोपऱ्यात दिवा आधीच लागलेला. सल्लागार टेबलावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. बटण दाबायला पुढे झालेला हात वहिनींनी मागे घेतला. दाराबाहेरच्या खुंटीवर त्यांच्यासाठी नीट अडकवून ठेवलेला कोट काढला आणि त्या खाली उतरल्या.

रस्त्यावर येऊन त्यांनी वर पाहिलं. सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या, आणि त्यातला एकही दिवा त्यांनी लावलेला नव्हता. हवेत गारवा होता. त्यांनी कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या.

“वहिनी, मोठा होतोय हो तो तुम्हाला,” चष्मेवाला दुकानातून ओरडला.

“होऊ दे,” वहिनी म्हणाल्या, आणि बाह्या न दुमडता घराकडे चालू लागल्या.